एक कार्ट्रिज, दोन सुया: ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५एमएल

वरच्या फळीवर जॅझच्या एलपी, मधल्या फळीवर सिंफन्या आणि कंचेर्तो, खाली नाट्यसंगीताच्या लाखेच्या तबकड्या. असा मिश्र संग्रह असणाऱ्याने महागडा टर्नटेबल शोधण्याआधी कार्ट्रिजचा, म्हणजे सुई धरून तिची कंपनं विद्युत-संकेतात बदलणाऱ्या लहानशा भागाचा, विचार करावा. ऑडिओ-टेक्निकाची २०१८ साली आलेली व्हीएम९५ मालिका अशा संग्रहासाठी फार सोयीची आहे. बॉडी एकच, आणि तिच्यावर सहा प्रकारच्या सुया बसतात. त्यांतली लाल रंगाची एमएल आणि ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, म्हणजे त्या लाखेच्या) रेकॉर्डसाठीची एसपी, एवढ्या दोन घेतल्या की सगळा संग्रह वाजतो.

एमएल म्हणजे मायक्रोलिनिअर, फार बारीक कडेची सुई. हिचा खरा कस लागतो तो रेकॉर्डच्या शेवटच्या पाच मिनिटांत. एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलजवळ जेमतेम २१. तेवढाच नाद निम्म्याहून कमी जागेत कोरलेला असतो. जाड सुईला ती बारीक वळणं घेता येत नाहीत, मग व्हायोलिन खरखरतात आणि सिंबल फाटल्यासारखे वाजतात. त्यात सिंफनीचा सर्वांत मोठा आवाज बहुधा शेवटीच, म्हणजे अगदी अडचणीच्या जागी येतो. व्हीएम९५ई या हिरव्या लंबगोल सुईची कड साडेसात मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असते, एमएलची सुमारे तीन. हा फरक ऐकायला तयार कान लागत नाही. ब्रासचे (पितळी फुंकवाद्यांचे) सगळे आवाज शेवटच्या खाचेपर्यंत वेगवेगळे राहतात, म्यूट लावलेल्या ट्रम्पेटचा आवाज कर्कश होत नाही, राइड सिंबलवरची काडी काडीसारखीच ऐकू येते.

किंमत ई च्या दोन-तीन पट आहे, पण हिशोब तासांचा करावा. कंपनी ई सुईचं आयुष्य ३०० तास सांगते आणि एमएलचं १०००. पाऊण तासाची एलपी धरली तर तेराशेहून जास्त रेकॉर्ड झाल्या. रोज ऐकणाऱ्याला एमएल महाग पडत नाही.

मात्र ही सुई ढिसाळ जोडणी चालवून घेत नाही. प्रोट्रॅक्टरवर (कार्ट्रिजचा कोन जुळवायच्या पट्टीवर) ६६ आणि १२०.९ मिलिमीटर या दोन्ही बिंदूंवर कार्ट्रिज रेषेला समांतर आलं पाहिजे. बॉडीकडे बघून जुळवू नका, सुईची दांडी बघा. या मालिकेत दांडी कधीकधी किंचित तिरकी येते, ती फारच तिरकी असेल तर दुकानातून बदलून घ्या. सुईचं रेकॉर्डवरचं वजन २ ग्रॅम (मर्यादा १.८ ते २.२), आणि ते डिजिटल काट्यावरच मोजा, कारण टोनआर्मवरचे (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्यावरचे) आकडे नेमके नसतात. स्क्रूची आटी बॉडीतच असल्याने नटांशी झटापट नाही, पण बॉडी प्लॅस्टिकची आहे, जोर लावू नये. तारा: पांढरी डावा चॅनेल, निळी डाव्याचं ग्राउंड, लाल उजवा, हिरवी उजव्याचं ग्राउंड.

आवाज टोचतो अशी या कार्ट्रिजबद्दल तक्रार ऐकू येते. अशा वेळी बरेचदा दोष केबलच्या कपॅसिटन्सचा (तारेत विद्युतभार साठण्याच्या गुणाचा) असतो. हिला ४७ किलोओहमचा रोध आणि एकूण १०० ते २०० पिकोफॅरडचा कपॅसिटन्स हवा, आणि या एकूणात टोनआर्मची तार, केबल आणि फोनो प्रीॲम्प (कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणारं यंत्र) असं सगळं धरायचं. हीच बेरीज ३०० वर गेली की १२ किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज फुगून उंचवटा येतो, गायिकेचे ‘स’ आणि सिंबल टोचू लागतात. १५० ला ठेवली तर तो उंचवटा १७ किलोहर्ट्झच्या पुढे जातो. केबल आखूड घ्या, आणि प्रीॲम्पवर कपॅसिटन्सचं बटण असेल तर सर्वांत कमी ठेवा.

जुन्या बाजारातल्या एलपींवर हिचा अनुभव मिश्र असतो. पूर्वी गोल टोकाच्या सुईने झिजवलेल्या खाचेत ही भिंतीच्या वेगळ्या, न झिजलेल्या भागाला टेकते आणि कधीकधी मृत वाटलेली रेकॉर्ड जिवंत होते. पण पावसाळ्यातली बुरशी आणि खोलवरची धूळही तितकीच उकरते. तेव्हा आधी डिस्टिल्ड वॉटरने धुणं आलंच.

आता लाखेच्या तबकड्या. एमएल त्यांच्यावर चुकूनही ठेवू नये. ती त्या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन नुसती खरखर वाजवते आणि लाखेत मिसळलेल्या दगडी भुकटीने स्वतः झिजते. तिथे एसपी लावायची, जिचं टोक सुमारे ७६ मायक्रॉनचं आहे. तिला वजन लागतं ५ ग्रॅम, आणि अनेक टोनआर्मचे आकडे ४ पाशीच संपतात, म्हणून इथेही डिजिटल काटा. परत एमएल लावताना वजन आधी २ वर आणायचं, मग सुई बदलायची. हा क्रम चुकला तर नवी सुई ५ ग्रॅमखाली जाईल. सुई बॉडीतून तिरकी खाली ओढून निघते आणि ‘टिक्’ आवाज आला की बसते. कार्ट्रिज काढावं लागत नाही, म्हणून जुळवणी मोडत नाही.

७८ ची खाच मोनो असते, तेव्हा दोन्ही चॅनेल एकत्र करा. उभ्या हालचालीतली बरीच खरखर तिथेच कटते. १९२५ च्या आधीच्या, भोंग्यासमोर गाऊन केलेल्या रेकॉर्डचा वेग बरोबर ७८ असेलच असं नाही. सहा टक्के वेग बदलला की पट्टी अर्ध्या स्वराने सरकते, पांढरी एक काळी एक होते. त्यामुळे गायकाची पट्टी माहीत असेल तर पिच कंट्रोल वापरून ती जुळवावी. फोनो प्रीॲम्पचं आरआयएए इक्वलायझेशन (खालचे-वरचे स्वर ठरलेल्या प्रमाणात कमी-जास्त करणं) एलपीसाठी आहे, त्यामुळे लाखेच्या रेकॉर्डचा वरचा भाग दबलेला येतो. डिजिटल करून घेणार असाल तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ७८ साठीचे तयार कर्व्ह मिळतात.

लाखेवर आयसोप्रोपिल अल्कोहोल कधीही लावू नका, लाख विरघळते. पाणी आणि साबणाचे एकदोन थेंब पुरतात, लेबल मात्र कोरडं ठेवा.