मरिनर्सचा सीझन: टीव्हीवर बघावा की रेडिओवर ऐकावा?

२०२५ च्या ऑक्टोबरनंतर सिॲटलच्या आसपासच्या मराठी घरांत मरिनर्स या इथल्या बेसबॉल संघाचे चाहते अचानक उगवले. ज्यांनी आयुष्यात कधी बेसबॉलची टोपी घातली नव्हती, ते आता कॅचर कॅल रॅलीच्या साठ होम रनबद्दल (आपल्या षटकारासारखे फटके) अधिकारवाणीने बोलतात. माझी तक्रार नाही, मीही असाच कधीतरी उगवलो होतो. पण सीझन तोंडावर आला की ही मंडळी एकच प्रश्न विचारतात: सगळे सामने बघायचे तर कशाचे पैसे भरू? मी त्यांना उलट विचारतो, बघायचेच आहेत का?

मी चार सीझन टीव्हीवर काढले, आणि अलीकडे रेडिओवर आलो. दोन्हीकडे पैसे आणि संध्याकाळी घालवून झाल्या आहेत, म्हणून हे लिहितोय. ज्याचं त्याचं घर आणि ज्याची त्याची नोकरी वेगळी, तेव्हा माझं ऐकाच असा आग्रह नाही.

आधी एक गोष्ट मनात पक्की करावी लागते. आयपीएलमध्ये आपला संघ साखळीत चौदा सामने खेळतो. इथे १६२. मार्चअखेर सुरुवात, सप्टेंबरअखेर शेवट, आणि मध्ये आठवड्याला सहा सामने. हे सणासुदीचं जेवण नाही, रोजचा वरणभात आहे. आयपीएलसारखं सगळं बाजूला सारून रोज तीन तास सोफ्यावर बसलात, तर मे महिन्यात घरातले लोक तुमच्याशी बोलणं सोडतील. आमच्याकडे जूनमध्ये सोडलं होतं.

तरी टीव्हीची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. पिचर, म्हणजे आपला गोलंदाज, लोगन गिल्बर्ट याचा स्प्लिटर चेंडू बॅटरपाशी येऊन कसा खाली पडतो, हे कुठलाही निवेदक सांगू शकत नाही. ते डोळ्यांनीच बघावं लागतं. रॅली बॅटरच्या मागे बसून ग्लोव्ह किती हलक्या हाताने आत सरकवतो, हुलिओ रॉड्रिगेझ सेंटर फील्डमध्ये चेंडू सुटल्या क्षणी कुठल्या दिशेला पहिलं पाऊल टाकतो, ही मजा कानाला मिळत नाही. आपल्यासारख्या क्रिकेटवरून आलेल्या माणसाला तर पहिला महिना टीव्ही हवाच. लेट कट मारल्यासारखा मागे गेलेला चेंडू इथे फाउल, म्हणजे हद्दीबाहेरचा असतो, हे डोक्याला कळतं. डोळ्यांना कळायला वेळ लागतो.

मग टीव्हीचं बिनसतं कुठे? सामने शोधण्यात बिनसतं, हे एक. तुम्ही वॉशिंग्टन राज्यात राहत असाल, तर लीगच्या सर्वसाधारण पॅकेजमध्ये नेमका तुमचाच संघ झाकलेला असतो. स्थानिक प्रक्षेपणाचे हक्क वेगळे, त्याचे पैसे वेगळे. २०२२ पासून शुक्रवारचे काही सामने फक्त ॲपल टीव्हीवर जातात. ऑक्टोबरची बाद फेरी आली की आणखी तिसरंच काहीतरी. आई भारतातून सहा महिन्यांसाठी आली होती, तेव्हा रिमोट घेऊन माझी चाललेली शोधाशोध बघून म्हणाली, ‘अरे, सामना आहे की लपंडाव?’ तसाही संध्याकाळी सातनंतर टीव्ही तिच्या मालिकांचा होता, त्यामुळे त्या वर्षी वाद लवकर मिटला.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पैसे भरतो, कुरकुर करतो, बघतो, असं चार वर्षं चाललंच होतं. मन उठलं ते एका रात्रीत.

तारीख १० ऑक्टोबर २०२५. बाद फेरीतला डेट्रॉइट टायगर्सविरुद्धचा पाचवा, निर्णायक सामना, घरच्या मैदानावर. हरलो तर सीझन संपला. त्यांचा पिचर तारिक स्कुबलने सहा इनिंगमध्ये आमचे तेरा स्ट्राइकआउट केले, म्हणजे तेरा वेळा तीन स्ट्राइकवर बाद केलं, आणि तरीही सामना बरोबरीत राहिला. नेहमीच्या नऊ इनिंग झाल्या, दहा झाल्या, बारा झाल्या. एरवी सामना सुरू करून देणारे पिचर, गिल्बर्ट आणि लुईस कास्टिओ, मधूनच मैदानात उतरले, कारण उद्यासाठी राखून ठेवायला उद्याच नव्हता. ही मुलीला झोपवायला गेली आणि मुलगी झोपली नाही म्हणून दोघी परत आल्या. जवळजवळ पाच तास झाले होते. पंधरावी इनिंग, बेस भरलेले, म्हणजे तिन्ही बेसवर आमची माणसं, आणि होर्हे पोलँको बॅटिंगला. खोलीत कोणी श्वास घेत नव्हतं.

आणि टेबलावरचा फोन थरथरला. पाठोपाठ पुन्हा. मग थांबेचना. मी बघायचं नाही म्हणून ठरवलं होतं, पण स्क्रीन वरच्या बाजूने होती. आमच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं: ‘पोलँकोऽऽऽ! आलं रे आलं!’

माझ्या टीव्हीवर तेव्हा पिचर अजून कॅचरच्या खुणा बघत होता.

मी ज्या सेवेचे पैसे भरत होतो, तिचं चित्र खऱ्या सामन्यापेक्षा अर्धा मिनिट तरी मागे चालत होतं. घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण त्या रात्री मला ते अर्धं मिनिट अर्ध्या तासाएवढं वाटलं. पाच तास जीव टांगणीला लावायचा आणि शेवटचा घास दुसऱ्याने चावून आपल्या ताटात टाकायचा. पोलँकोने फटका मारला, जे. पी. क्रॉफर्ड धावत होम प्लेटवर आला, ३–२ ने जिंकलो. घरातल्या दोघी नाचल्या. मीही नाचलो, पण नाटकात दुसऱ्यांदा बघितलेल्या विनोदाला हसावं तसा.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, हा उपाय मला सगळ्यांनी सांगितला. करून पाहिला. मग शेजारी ओरडतो. आमचा शेजारी गेली चाळीस वर्षं मरिनर्सभक्त आहे. तो गॅरेजमध्ये जुना रेडिओ लावून काम करत बसतो आणि होम रन झाला की काहीतरी लोखंडी आपटतो. त्याच्या आपटण्यावरून मला टीव्हीवरचं भविष्य कळायचं. एक दिवस मीच गॅरेजमध्ये जाऊन उभा राहिलो आणि तिथून रेडिओची गोष्ट सुरू झाली.

७१० एएम, मरिनर्सचे सामने ऐकवणारं केंद्र. रेडिओ गाडीत असतोच, वेगळे पैसे नाहीत. चेंडू सुटतो आणि निवेदक बोलतो, मध्ये कोणी नाही. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: फोनवरच्या ॲपमधून रेडिओ ऐकलात तर तोही मागे पडतो, वर्षाला तीसेक डॉलर भरूनसुद्धा. मी म्हणतोय ते सुख जुन्या, खरखरणाऱ्या एएमचंच आहे. ॲप सोयीचं आहे, मीही दूर गेलो की वापरतो, पण त्या दिवशी व्हॉट्सॲप बंद ठेवतो.

रेडिओचा दुसरा गुण असा की तो जागा अडवत नाही. पूर्व किनाऱ्यावरचे सामने आपल्याकडे दुपारी चारच्या सुमारास सुरू होतात. त्या वेळी कुठल्या नोकरदाराला टीव्ही लावता येईल? एका कानात इयरफोन घालून दोन इनिंग होतात, चौथी-पाचवी ४०५ हायवेवरच्या गर्दीत जाते, आणि सातवी पोळ्या लाटताना. घरच्या सामन्यांना भांडी, गवत कापणं, इस्त्री. १६२ सामने असे कामाच्या कडेकडेने जातात, कोणाला त्रास न देता. मधली एखादी इनिंग निसटली तरी निवेदक दर काही मिनिटांनी स्कोअर सांगतोच. टीव्हीवर तो कोपऱ्यात लिहिलेला असतो म्हणून कोणी बोलत नाही, आणि तुम्ही स्वयंपाकघरात असलात तर कळायला मार्ग नसतो.

आवाजाचंही एक असतं. होम रनवरचा निवेदक रिक रिझचा ‘गुडबाय बेसबॉल’ ऐकला की आमच्या घरात पाळीव प्राणी असता तर त्यानेही शेपूट हलवली असती. त्याच्या आधी डेव्ह नीहाउस. १९७७ मध्ये संघ जन्मला तेव्हापासून २०१० पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, तोच या संघाचा आवाज. १९९५ मध्ये एडगर मार्टिनेझच्या फटक्यावर ग्रिफी पहिल्या बेसपासून धावत येऊन यँकीजना हरवून गेला, तो क्षण इथल्या जुन्या लोकांना चित्रापेक्षा नीहाउसच्या आवाजात जास्त आठवतो. मैदानात त्याचा पुतळा आहे आणि शेजारी बसायला जागा ठेवली आहे. लोक तिथे बसून फोटो काढतात. आपल्याला हे समजवावं लागत नाही. माझे काका ब्रेबॉर्नवर समोर सामना चालू असताना कानाला ट्रान्झिस्टर लावून बसायचे, आणि बाळ ज. पंडितांनी सांगितल्याशिवाय त्यांना चौकार गेला असं वाटायचं नाही.

रेडिओत खोट नाही असं नाही. तीच चार जाहिराती सहा महिने ऐकाव्या लागतात, आणि त्यातल्या एका खिडक्यांच्या जाहिरातीचं गाणं मी झोपेत म्हणतो अशी घरून तक्रार आहे. बोगद्यात आवाज जातो, आणि तो नेमका बेस भरलेले असताना जातो. २०२३ मध्ये पिच क्लॉक (दोन चेंडूंमधला वेळ बांधून देणारं घड्याळ) आल्यापासून सामने सरासरी तीन तासांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आले. टीव्हीवाल्यांना ते बरं वाटतं, पण शेजारी म्हणतो की निवेदकांच्या गप्पांना आता फुरसत उरली नाही, आधी दोन चेंडूंमध्ये एक अख्खी गोष्ट बसायची. असेल. मी उशिरा आलो, मला आहे तेच पुरतं.

एक फायदा मला अपेक्षित नव्हता. मुलगी दहा वर्षांची आहे. टीव्हीसमोर ती तिसऱ्या इनिंगला उठून जायची. रेडिओ लावल्यावर शेजाऱ्याने तिला स्कोअरकार्ड भरायला शिकवलं. प्रत्येक जागेला आकडा: पिचर एक, कॅचर दोन, शॉर्टस्टॉप सहा. निवेदक म्हणतो चेंडू शॉर्टस्टॉपकडे, तिथून सेकंडला, तिथून फर्स्टला, आणि ही वहीत ६-४-३ लिहून दोन आउटवर गोल करते. स्ट्राइकआउटची खूण के, आणि बॅट न हलवता स्ट्राइकआउट झाला तर उलटा के. ऐकलं नाही तर वहीत भोक पडतं, म्हणून ती ऐकते. २४ सप्टेंबर २०२५ चं पान तिने दाराला चिकटवलं आहे. रॅलीने त्या एका रात्री एकोणसाठावा आणि साठावा होम रन मारला, आणि २००१ नंतर पहिल्यांदा आम्ही विभाग जिंकलो. ते पान तिने नंतर टीव्हीवरून, पुन्हा पुन्हा मागे नेऊन भरलं. म्हणून त्यात खाडाखोड फार आहे, असं ती स्वतःच सांगते.

मैदानावर जाण्याची तुलना मी मुद्दाम करत नाही. घरचे ८१ सामने असतात, त्यांतले पाच-सहा आम्ही बघतो. २०२४ च्या ऑगस्टपासून लाइट रेल लिनवूडपर्यंत आली, त्यामुळे पार्किंगचा जाच संपला. घरचा डबा आत नेता येतो, हे अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. तिसऱ्या इनिंगला मेथीचे पराठे काढले की मागच्या रांगेतून चौकशी होते. भाजलेले नाकतोडे तिखट-लिंबू लावून मिळतात, तेही एकदा खाऊन झाले. चिवड्यातल्या शेंगदाण्यांच्या जागी चालले असते.

पुण्यात बसून मरिनर्स पाळणाऱ्यांचा हिशोब मात्र वेगळा. माझा मावसभाऊ असाच एक आहे. इथला संध्याकाळी ७.१० चा सामना त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ७.४० ला. त्याला स्थानिक हक्कांची आडकाठी नाही, एएमही नाही, आणि चहासोबत दोन इनिंग बघून तो कामाला जातो. त्याला मी लीगचं टीव्ही पॅकेज घे म्हणूनच सांगितलं. अलास्का, ओरेगन, वॉशिंग्टनमध्ये राहणाऱ्यांनी आधी झाकलेल्या सामन्यांचं बघून घ्यावं, एवढंच.

बाकी, गाडी चालवत असाल, मुलं असतील, चार ते सहा मीटिंगा असतील, तर मी म्हणेन एप्रिलभर टीव्ही बघा, डोळे तयार करा आणि मग एक साधा रेडिओ आणा. आमचा गराज सेलमध्ये आठ डॉलरला मिळाला. टीव्हीची वर्गणी मी बंद केलेली नाही, हे कबूल करतो. पण तिचा उपयोग आता बदलला आहे. स्वयंपाकघरात रेडिओ चालू असतो, हॉलमध्ये टीव्ही आवाज बंद करून, आपल्या नेहमीच्या अर्ध्या मिनिटाने मागे. रिझचा आवाज चढायला लागला की मुलगी पेन्सिल खाली ठेवते. ‘गुडबाय बेसबॉल’ ऐकू येतं, ती वहीत खूण करते आणि हॉलकडे पळत ओरडते, ‘बाबा, चल लवकर, आता मारणारे तो!’ मी हात पुसत जातो. टीव्हीवर रॅली अजून बॅट खांद्यावर घेऊन उभा असतो.