हायब्रिड गाडीचा निकामी एसी कॉम्प्रेसर आणि भोसरीतील एक गॅरेज

हायब्रिड गाडीच्या एसीचे काम नेहमीच्या एसीवाल्याकडे देणे किती महागात पडू शकते, याची कल्पना बहुतेक मालकांना नसते. आमची हायब्रिड सेडान सेकंडहँड घेतलेली आहे. ऐन उन्हाळ्यात तिचा एसी थांबला आणि पाठोपाठ डॅशबोर्डवर हायब्रिड यंत्रणा तपासून घेण्याचा इशारा उमटला. अधिकृत सेवाकेंद्राने स्कॅनर लावून कोड वाचला आणि कॉम्प्रेसरपासून कूलिंग कॉइल व नळ्यांपर्यंत सगळेच बदलण्याचे अंदाजपत्रक हाती ठेवले; कॉम्प्रेसर कशामुळे गेला, हे सांगण्याची तसदी मात्र कोणी घेतली नाही. म्हणून गाडी भोसरीच्या औद्योगिक परिसरातील, केवळ हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचे काम करणाऱ्या एका गॅरेजमध्ये नेली.

साध्या गाडीत कॉम्प्रेसर इंजिनाच्या बेल्टवर फिरतो. हायब्रिडचे इंजिन सिग्नलला बंद होत असल्याने ती सोय येथे अपुरी पडते. म्हणून २००३ मध्ये आलेल्या टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या प्रियस या हायब्रिड गाडीपासून पूर्णपणे विजेवर चालणारा कॉम्प्रेसर वापरात आला. त्याची मोटर कॉम्प्रेसरच्याच बंद कवचात असते आणि दोनशे व्होल्टच्या पुढील विजेवर चालणाऱ्या तिच्या वाइंडिंगवरून एसीचा गॅस व तेल सतत वाहत राहते. साहजिकच हे तेल वीजरोधक असावे लागते. त्यासाठी पीओई जातीचे ठरावीक तेल वापरतात. बेल्टवरच्या कॉम्प्रेसरमध्ये चालणारे पीएजी तेल थोडे जरी त्यात मिसळले, तरी इन्सुलेशन ढासळते, वीज गाडीच्या बॉडीकडे झिरपू लागते आणि गाडीचा संगणक ते ओळखून इशारा देतो.

गॅरेजमधील तपासणी पाहण्यासारखी होती. मिस्त्रींनी प्रथम हाय व्होल्टेज बॅटरीचा सर्व्हिस प्लग, म्हणजे तिची वीज तोडणारी खुंटी, काढून स्वतःच्या खिशात ठेवला, जेणेकरून काम चालू असताना दुसरे कोणी तो परत बसवू नये. इन्व्हर्टरमधील कपॅसिटर रिकामे होईपर्यंत दहा मिनिटे थांबून, रबरी इन्सुलेटेड हातमोजे घालून आणि व्होल्टेज शून्य झाल्याची मीटरवर खात्री करून मगच त्यांनी हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावला. त्यानंतर कॉम्प्रेसरची केबल सोडवून मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासण्याच्या मीटरने, टर्मिनल आणि बॉडी यांमधील रोध मोजला, तोच केबलच्या बाजूनेही पाहिला. दोष कॉम्प्रेसरच्याच आत निघाला. “गॅस पुरेसा आहे, साहेब, गळतेय ती वीज,” एवढेच ते म्हणाले. आतून निघालेल्या तेलात गळती शोधण्याचा हिरवट रंग होता. आधीच्या मालकाने कुठेतरी सामान्य मशीनवर गॅस भरून घेतला असावा आणि मशीनच्या नळ्यांत राहिलेले पीएजी तेलही त्यासोबत आत गेले असावे, हा त्यांचा निष्कर्ष मला पटला.

दुरुस्तीतही त्यांनी तारतम्य राखले. नवा कॉम्प्रेसर अपरिहार्य होता. कंडेन्सरच्या, म्हणजे गॅस गार करणाऱ्या पुढच्या जाळीच्या, बारीक वाहिन्यांमधील तेल धुऊन पुरते निघत नाही, म्हणून तोही ओलावा शोषणाऱ्या ड्रायरसह बदलला. एक्सपान्शन व्हॉल्व्हही नवा बसवला. कूलिंग कॉइल आणि नळ्यांतून मात्र गॅसच पुन्हा पुन्हा फिरवून जुने तेल काढले आणि नायट्रोजनच्या दाबाखाली गळती तपासली. व्हॅक्यूम करून गॅस अंदाजाने नव्हे, तर बॉनेटखालच्या स्टिकरवरील वजनानुसार भरला. हायब्रिडसाठी त्यांच्याकडे गॅसचे स्वतंत्र मशीन आहे, ही माझ्या मते या गॅरेजची सर्वांत जमेची बाजू होय. गाडी कुठेही न्या, पण एवढे विचारूनच न्या. कॉइल जागेवर ठेवण्याच्या निर्णयात थोडी जोखीम आहे आणि ती त्यांनी काम सुरू करण्यापूर्वीच स्पष्ट सांगितली होती.

एसी आता सिग्नलला इंजिन बंद असतानाही पूर्ववत गार हवा देतो. आमच्या गाडीत हायब्रिड बॅटरीचा पंखा मागील सीटजवळून केबिनचीच हवा ओढतो, त्यामुळे एसीविना उन्हात गाडी चालवणे म्हणजे बॅटरीलाही तापवणेच होते. एकूण खर्च अधिकृत अंदाजपत्रकाहून बराच कमी आला, तरी तो स्वस्त म्हणता येणार नाही. त्यातील मोठा वाटा कॉम्प्रेसरचाच आहे.

तक्रारीही आहेत. सुटा भाग येण्यास ठरल्यापेक्षा अधिक वेळ लागला आणि त्याची खबर आम्हालाच फोन करून घ्यावी लागली. वॉरंटी फक्त कॉम्प्रेसरवर आहे, मजुरीवर नाही. मेगरचे आकडे, तेलाचा प्रकार आणि भरलेल्या गॅसचे वजन बिलावर नव्हते. मागणी केल्यावर ते हाताने लिहून, शिक्का मारून मिळाले.