अशोकारिष्ट, १४ बाटल्यांनंतर: पाळी लांबत असेल तर घेण्याआधी वाचा

काल धाकट्या जाऊबाईंनी अशोकारिष्ट, म्हणजे अशोकाच्या सालीचं आयुर्वेदिक पातळ औषध, मागितलं, त्यांची पाळी दीड महिना आलेली नाही. माझ्याकडची उरलेली अर्धी बाटली काढली तर झाकण निघेचना. गरम पाण्यात धरली, कापडाने पिळली, शेवटी सांडशीने ओढलं तर झाकणाचे दोन तुकडे. म्हटलं आता लिहायलाच हवं, कारण या झाकणाने मला पाच महिने छळलंय.

जानेवारीत सुरू केलं होतं. माझी पाळी ४५-५० दिवसांवर जायची आणि आली की सात दिवस जोरात. मैत्रीण म्हणाली अशोकारिष्ट घे, सगळं जागेवर येतं. २० मिली औषध, तेवढंच पाणी, दोन वेळा जेवणानंतर. म्हणजे ४५० मिलीची बाटली जेमतेम ११ दिवस पुरते. मला एक १७५ ला पडली, पाच महिन्यांत १४ बाटल्या, २४५० रुपये झाले. चव तुरट-गोड, जुन्या गुळाचा वास, तळाला गाळ असतो, तो असायचाच, हलवून घ्यायचं. चवीबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती झाकणाची. ओतताना एक थेंब हमखास आट्यांवर येतो, सुकला की डिंकासारखा घट्ट, आणि ओट्यावर मुंग्यांची रांग. एक पार्सल तर गळकंच आलं, खोका ओला, बाटलीत चार बोटं औषध कमी. विक्रेत्याला फोटो पाठवले तर म्हणे सील तुटलेलं दिसतंय, बदलून मिळणार नाही. अहो, सील तुटलंय हीच तर तक्रार आहे ना! तीन आठवडे मेल करून शेवटी ८० रुपये परत मिळाले. बाटली १७५ ची.

या चिकटपणाच्या रागात मी घटक वाचायला बसले, ते बरं झालं. मूळ पाठ भैषज्य रत्नावली या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातला, त्यात अशोकाची साल १०० पळं (पळ म्हणजे जुनं वजनाचं माप) आणि गूळ २०० पळं. सालीच्या दुप्पट गूळ! धायटीची फुलं घालून तो आंबवतात, त्यातून आपोआप ५ ते १० टक्के अल्कोहोल तयार होतं, लेबलवर लिहिलेलं असतं. माझ्या सासूबाई माळकरी, त्यांनी ते वाचलं आणि त्यांच्या गुडघेदुखीचं आसवही बंद केलं. पीसीओडी किंवा शुगर असलेल्यांनी या गुळाचा विचार नक्की करा.

अजून एक, सोसायटीच्या कुंपणाला उंच सरळ झाडं असतात त्यांना आपण अशोक म्हणतो, तो हा नव्हे. औषधी तो सीतेचा अशोक, केशरी-लाल फुलांच्या झुबक्यांचा. सालीत त्या दुसऱ्या झाडाची भेसळ होते, म्हणून लेबलवर 'सराका अशोका' लिहिलंय का ते तरी बघा.

आता गुणाचं. तिसऱ्या बाटलीपर्यंत मी सगळ्यांना सांगत सुटले होते की फरक पडला, कारण सात दिवसांचे पाच झाले, पॅड निम्मे लागले. पण कालनिर्णयवरचे लाल गोल मोजले तेव्हा अंतर निघालं ४८, ४४ आणि मग ६२ दिवस! तेव्हा मात्र घाबरले आणि जूनमध्ये आयुर्वेदाच्या ओपीडीत गेले.

तिथल्या वैद्यबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "त्रास जास्त जाण्याचा आहे की उशिरा येण्याचा?" म्हणाल्या, अशोक स्तंभन करणारा आहे, जास्त जाणं आवरायला देतात. लांबलेली पाळी आणायला तो नाहीच. त्यासाठी रजःप्रवर्तिनी वटी असते, पण तिच्यात काळा बोळ, कासीस, हिंग, टाकणखार असतो, दिवस गेलेले नाहीत याची खात्री केल्याशिवाय ती मनाने घ्यायचीच नाही. आणि त्यांनी गोळी न देता आधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करायला सांगितलं.

टीएसएच आलं ८.९, म्हणजे वाढलेलं! हा आकडा वाढला की थायरॉइड कमी पडतंय असं समजायचं. थायरॉइड कमी पडलं की पाळी लांबते पण आणि जास्त जातं पण. तपासणीला लागले २५० रुपये, दीड बाटलीचे सुद्धा पैसे नाहीत. ही तपासणी मी जानेवारीतच का केली नाही याचं मला अजून वाईट वाटतं. डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी सुरू केली, त्यानंतरची अंतरं ४१, ३४, ३३.

म्हणून अशोकारिष्ट वाईट असं मी म्हणणार नाही, पाच दिवसांवर आलं ते मला तरी त्याच्यामुळेच वाटतं. पण मी ते चुकीच्या तक्रारीसाठी घेत होते आणि खऱ्या दुखण्याचे पाच महिने वाया गेले.

जाऊबाईंना बाटली दिली नाही. आधी घरी प्रेग्नन्सी टेस्ट कर म्हटलं, शनिवारी टीएसएचला मी सोबत जातेय.

आणि जे घेत असतील त्यांनी दर वेळी ओतल्यावर बाटलीचं तोंड आणि झाकणाच्या आतल्या आट्या ओल्या फडक्याने पुसा, बाटली पाण्याच्या ताटलीत ठेवा. मुंग्या येत नाहीत.