शाळांना 'सायबर सुरक्षा प्रमाणपत्र' विकणाऱ्यांपासून सावध राहा

ठाण्यातल्या एका जुन्या अनुदानित मराठी शाळेत मी संगणक शिकवते. 'नव्या शैक्षणिक वर्षासाठी नेटवर्क आणि सायबर सुरक्षा' या नावाखाली आमच्या संस्थेकडून सव्वातीन लाख रुपये उकळले गेले. हे पैसे घेणारा माणूस, नाहीतर याच पद्धतीचे दुसरे, अजून शाळाशाळांतून फिरत आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

तो आला एप्रिलमध्ये. मुख्याध्यापक निकालपत्रकांत बुडालेले आणि विश्वस्तांना जूनच्या आत सगळं उरकायची घाई, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. यंत्रांबद्दल तो बोललाच नाही, सुरुवात केली कायद्यापासून. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. मुलांची माहिती फुटली तर २५० कोटी दंड. "सर, शाळेची इमारत विकलीत तरी भरता येणार नाही." खोलीत एकदम शांतता.

कायदा खरा आहे. सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्याला २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूदही खरी आहे, पण ती कमाल मर्यादा आहे. चुकीचं गांभीर्य वगैरे बघून रक्कम ठरते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले तेव्हा मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळांना पालक-संमतीच्या अटीतून मर्यादित सूटही आहे. यातलं काही त्याने सांगितलं नाही. त्याने सांगितलं ते असं, की शाळा उघडण्याआधी 'अनुपालन प्रमाणपत्र' घ्यावंच लागतं. असं कुठलंही प्रमाणपत्र शाळेने घ्यावं अशी अट या कायद्यात नाही.

शिवाय "आम्ही सर्ट-इनच्या यादीतले" ही थाप. सर्ट-इन ही केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था. तिने मान्यता दिलेल्या ऑडिटरांची यादी तिच्याच संकेतस्थळावर आहे, कोणीही उघडून बघावी. या फर्मचं नाव त्यात नव्हतं.

'मे महिन्यात दर वाढणार' म्हणत त्याने ऐंशी टक्के रक्कम आगाऊ घेतली. सुट्टीत माणसं आली, वायरी ओढल्या, लॅबमधल्या सगळ्या संगणकांवर विंडोज ११ टाकलं, ऑफिसात दिवे लुकलुकणारा फायरवॉलचा (इंटरनेटवरून येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीवर पहारा ठेवणारा) डबा बसवला. जूनमध्ये प्रमाणपत्र आलं, सोनेरी चौकट, वर राजमुद्रेसारखं चिन्ह, खाली क्यूआर कोड. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे ते लागलंसुद्धा.

जुलैत फायरवॉलचं वेब फिल्टरिंग, म्हणजे नको त्या वेबसाइट अडवणं, बंद पडलं. फोन लागेना. शेवटी ऐरोलीच्या आयटी पार्कात नेटवर्कचं काम करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याला बोलावलं. आल्या आल्या त्याने वायरीचं टोक ब्लेडने खरडलं. "बाई, हे बघा." तांब्याच्या रंगाखालून पांढरं ॲल्युमिनियम निघालं. बिलात शुद्ध तांब्याची कॅट-६ नेटवर्क केबल होती. बिलातला मॅनेज्ड स्विच, म्हणजे नेटवर्कचे वेगळे भाग पाडता येणारा जोडणीचा डबा, प्रत्यक्षात साधा निघाला, त्यामुळे ऑफिस आणि लॅबचं नेटवर्क वेगळं केल्याचा दावाही फोल. आठवीतल्या पोराच्या संगणकावरून ऑफिसचं शेअर्ड फोल्डर उघडत होतं. फायरवॉल खरा होता, पण त्यावरची सेवा तीस दिवसांच्या चाचणी परवान्यावर. तीन वर्षांच्या परवान्याचे पैसे मात्र आम्ही मोजले होते.

संगणकांचा प्रकार याहून वाईट. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, त्यामुळे बदल हवाच होता. पण आमची यंत्रं जुनी, विंडोज ११ च्या अटीत न बसणारी. त्याने ती तपासणी चुकवून, क्रॅक (परवान्याशिवाय सॉफ्टवेअर चालवणारं चोरटं साधन) वापरून विंडोज चढवलं होतं. तो क्रॅक अँटिव्हायरस पकडतो, म्हणून अँटिव्हायरसला त्या फोल्डरकडे बघूच नकोस अशी सूट देऊन ठेवलेली. सुरक्षेसाठी आलेल्या माणसाने रखवालदाराचे डोळे बांधून ठेवले होते!

आणि ऑफिसच्या संगणकावर एनीडेस्क हे दुरून संगणक चालवायचं सॉफ्टवेअर, कायमच्या पासवर्डसह. म्हणजे घरबसल्या, कुणाच्या परवानगीशिवाय आत यायची सोय. त्याच संगणकावर मुलांचे आधार क्रमांक, यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती, पालकांचे मोबाइल. मी त्या दिवशी खरी घाबरले ती इथे. अमेरिकेत पॉवरस्कूल या शाळांच्या सॉफ्टवेअर कंपनीत डिसेंबर २०२४ मध्ये चोर शिरला तोही चोरलेल्या लॉगिनने, देखभालीसाठीच्या दारातून. कंपनीने खंडणी भरली, तरी पुढे मे २०२५ मध्ये काही शाळांकडे पुन्हा धमक्या आल्या. एनीडेस्क आम्ही तेव्हाच काढलं, सगळे पासवर्ड बदलले.

बिलावर वागळे इस्टेटमधला पत्ता होता. तिथे पुठ्ठ्याचे खोके बनतात. जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द. हा शोध फुकट आणि मिनिटभराचा असतो, पैसे देण्याआधी लेखनिकालाही करता येतो.

पोलीस ठाण्यात आधी "हा व्यवहारातला वाद आहे, दिवाणी कोर्टात जा" असं ऐकवलं. राजमुद्रेसारखं चिन्ह असलेलं प्रमाणपत्र पुढे ठेवल्यावर सूर बदलला. क्यूआर कोड त्याच्या स्वतःच्याच वेबसाइटवर जात होता. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार घेतली आहे. पैसे मिळालेले नाहीत, मिळतील असं मला वाटतही नाही.

आता आमच्या संस्थेने खरेदीच्या अटी बदलल्या आहेत. परवाना शाळेच्या ईमेलवर, शाळेच्या नावाने नोंदलेला हवा. फायरवॉलचा सीरियल नंबर उत्पादक कंपनीकडे विचारून मगच बिल मंजूर. ॲडमिन पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे. शेवटचा मोठा हप्ता काम तपासल्यावर, आणि तपासणारा विकणाऱ्याचा माणूस नको. विश्वस्तांपैकी एकांना हे सगळं 'अविश्वास दाखवणं' वाटतं. वाटू दे.

त्या प्रमाणपत्राची आणि बिलांची झेरॉक्स आमच्या ऑफिसात ठेवली आहे. तुमच्याकडे कोणी असलीच सोनेरी चौकट घेऊन आलं असेल तर खालची सही ताडून बघायला या; नाव तो बदलतो, सही बदलत नाही असं दुसऱ्या एका शाळेच्या कागदांवरून दिसलं आहे.