ब्रेक लाइट गेली : बल्ब घरी बदलावा, ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जावे की सर्व्हिस सेंटर गाठावे?

गाडीची मागची एक ब्रेक लाइट बंद पडली की खान्देशातल्या गाडीमालकापुढे साधारणपणे तीन पर्याय असतात. स्पेअर पार्टच्या दुकानातून बल्ब आणून तो अंगणात स्वतः बदलायचा, हायवेलगतच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी लावायची, किंवा जळगाव, धुळे अथवा नंदुरबारच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरची वेळ घ्यायची. खर्चाचा फरक मोठा असल्यामुळे बहुतेक जण त्यावरूनच निर्णय घेतात. माझ्या मते आधी बिघाड कुठे आहे हे पाहावे, कारण तिन्ही पर्याय आपापल्या जागी योग्य आहेत आणि चुकीच्या जागी तिन्हींत पैसा किंवा वेळ वाया जातो.

ही तपासणी घरीच होते. अंधार पडू लागल्यावर गाडीची मागची बाजू भिंतीजवळ आणावी आणि ब्रेकचे पेडल दाबून आरशात पाहावे; भिंतीवर दोन्ही बाजूंना लाल उजेड सारखा पडला पाहिजे. घरातले कोणी मदतीला असेल तर त्याला मागे उभे करून विचारणे अधिक सोपे, आणि त्याच वेळी वरच्या काचेजवळची तिसरी ब्रेक लाइटही पाहून घ्यावी. एकच बाजू अंधारी असेल आणि बाकीच्या लाइट नीट लागत असतील, तर बहुतेक वेळा दोष बल्बमध्ये किंवा त्याच्या होल्डरमध्ये असतो. सर्वच ब्रेक लाइट एकदम बंद असतील तर बल्बवर खर्च करू नये, कारण सगळे बल्ब एकाच दिवशी जात नाहीत. तिथे फ्यूज उडालेला असतो किंवा पेडलच्या वर बसवलेला ब्रेक स्विच खराब झालेला असतो. ब्रेक दाबल्यावर त्याच बाजूचा इंडिकेटर मंद उजळत असेल, तर अर्थिंग, म्हणजे बल्बची वीज गाडीच्या बॉडीत परत नेणारे जोड, सैल किंवा गंजलेले असण्याची शक्यता अधिक.

याच्या उलट दोषही आढळतो, तो म्हणजे पेडल सोडल्यावरही ब्रेक लाइट लागलेल्याच राहणे. काही गाड्यांत पेडलच्या पट्टीवर प्लॅस्टिकचे छोटे बूच असते आणि ब्रेक स्विचची दांडी त्यावर टेकलेली असते. वर्षानुवर्षांच्या वापराने ते बूच ठिसूळ होऊन फुटले की दांडी पट्टीतल्या भोकातून पुढे जाते आणि स्विच सतत चालू राहतो. चालकाच्या पायाखालच्या मॅटवर प्लॅस्टिकचे बारीक तुकडे सापडले तर हाच दोष समजावा. २१ वॅटचे दोन बल्ब मिळून सुमारे साडेतीन अँपिअर वीज घेतात, त्यामुळे ३५ अँपिअर-तास क्षमतेची लहान गाडीची बॅटरी एका रात्रीत उतरते. यासाठी गाडी लगेच इलेक्ट्रिशियनकडे न्यावी, आणि न्यायला उशीर होणार असेल तर रात्री बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवावी.

आता पहिला पर्याय, म्हणजे घरी बदलणे. दोष एकाच बल्बचा असेल आणि गाडीची मागची लाइट सुट्या बल्बची असेल, तर मी निःसंकोचपणे हाच पर्याय सुचवीन. किल्ली काढून, सर्व लाइट बंद करून आणि बल्ब थंड होऊ देऊन काम सुरू करावे. बऱ्याच हॅचबॅक गाड्यांत डिकीचे दार उघडले की लाइटच्या कडेला दोन स्क्रू किंवा १० नंबरच्या पान्याचे बोल्ट दिसतात. ते काढल्यावर संपूर्ण लाइट सरळ मागे ओढायची असते. इथे घाई करू नये. लाइटच्या दुसऱ्या कडेला प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात, त्या बॉडीतल्या खोबणीत घट्ट बसलेल्या असतात आणि लाइट तिरकी ओढली तर त्याच तुटतात. मग पन्नास रुपयांच्या कामासाठी हजारांतली लाइट घ्यावी लागते. सेडान गाड्यांत अनेकदा लाइट काढावीच लागत नाही, डिकीतले आतले अस्तर बाजूला केले की होल्डर हाताला लागतो.

होल्डर घड्याळाच्या उलट दिशेने सुमारे पाव फेरा फिरवला की सुटतो. त्यातला बुडाला दोन पिना असलेला बल्ब किंचित आत दाबून त्याच दिशेने फिरवायचा असतो. काही गाड्यांत पिनेऐवजी चपट्या काचेच्या बुडाचा बल्ब असतो, तो सरळ ओढला की निघतो. जुना बल्ब उजेडाकडे धरून पाहिला तर दोष दिसतो. तार तुटलेली असते, कधी काच आतून काळवंडलेली असते, आणि कधी तुटलेली तार शेजारच्या तारेला टेकलेली असते, ज्यामुळे ब्रेक दाबल्यावर पार्किंगच्या लाइटही लागण्यासारखे विचित्र प्रकार घडतात.

बल्ब घेताना मात्र पूर्ण काळजी घ्यावी, कारण घरी केलेले काम बहुधा इथेच फसते. अनेक गाड्यांत रात्रीची मागची लाइट आणि ब्रेक लाइट एकाच बल्बमध्ये असतात. त्याला दुकानदार डबल कॉन्टॅक्ट बल्ब म्हणतात आणि त्याच्या बुडावर १२ व्होल्ट, २१/५ वॅट असे लिहिलेले असते. ५ वॅटची तार रात्रभर मंद जळते, २१ वॅटची तार फक्त ब्रेक दाबल्यावर. या बल्बच्या बुडावरच्या दोन पिना एका उंचीवर नसतात, जेणेकरून तो उलटा बसू नये. सिंगल कॉन्टॅक्ट बल्बच्या पिना समान उंचीवर असतात. तो डबलच्या होल्डरमध्ये जोर लावून बसवला तर बुडाचा वीज घेणारा एकच धातूचा ठिपका होल्डरच्या दोन्ही ठिपक्यांना जोडतो आणि नवाच गोंधळ निर्माण होतो. म्हणून जुना बल्ब खिशात घालून दुकानात जावे आणि पिना समोरासमोर धरून पाहूनच नवा घ्यावा. बसवताना काच रुमालाने धरावी. हेडलाइटच्या हॅलोजन बल्बइतका बोटांच्या तेलकटपणाचा धोका इथे नसतो, पण काच स्वच्छ राहिलेली बरी. लाइट परत बसवण्यापूर्वी ब्रेक दाबून, पार्किंगची लाइट लावून आणि इंडिकेटर देऊन पाहावे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे धूळ. काळ्या मातीच्या शिवाररस्त्यांवरून फिरणाऱ्या गाडीत, विशेषतः कापूस वेचणीच्या दिवसांत, लाइटच्या मागच्या रबरी पट्टीतून बारीक माती आत शिरते आणि होल्डरच्या ठिपक्यांवर थर बसतो. नवा बल्ब लावूनही लाइट लागत नसेल तर ठिपके पॉलिश पेपरने हलके घासावेत. पट्टी फाटलेली असेल तर ती बदलावी, कारण पावसाळ्यात तिथूनच पाणी जाते. होल्डरचे प्लॅस्टिक वितळलेले किंवा कपलर, म्हणजे वायर जोडणारा प्लॅस्टिकचा सांधा, काळा पडलेला दिसला, तर मात्र घरचे काम तिथेच थांबवावे.

इथून दुसरा पर्याय सुरू होतो. धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ या पट्ट्यात राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ऑटो इलेक्ट्रिशियनची दुकाने आहेत. “काय व्हयनं भाऊ?” असे विचारत चांगला कारागीर आधी टेस्ट लॅम्पचे, म्हणजे वीज आली की लागणाऱ्या तपासणीच्या दिव्याचे, टोक होल्डरला लावतो आणि पेडल दाबायला सांगतो, होल्डरपर्यंत वीज येते की नाही हे कळल्याशिवाय तो बल्बला हात लावत नाही. फ्यूज, ब्रेक स्विच, अर्थिंग, वितळलेला होल्डर, उंदरांनी कुरतडलेली वायर या सर्व कामांसाठी मी त्याच्यावरच भरवसा ठेवीन, कारण तो सुटा होल्डर बसवून देतो, तर सर्व्हिस सेंटरमध्ये अनेकदा लाइटचा पूर्ण संचच बदलला जातो. त्याच्याकडे दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगाव्यात. उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तार घालू नये, कारण मग पुढच्या शॉर्टच्या वेळी वायरिंग जळते. आणि वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायर कापून जोड देऊ नये, कारण त्यावरून पुढे वॉरंटीचा दावा नाकारला जाऊ शकतो.

तिसरा पर्याय थोडक्यात सांगता येतो. साध्या बल्बसाठी सर्व्हिस सेंटरला जाण्याचे कारण नाही. बल्ब बहुधा वॉरंटीत धरला जात नाही आणि मजुरी बल्बपेक्षा अधिक होते. पण नव्या गाड्यांत मागच्या लाइट अनेकदा बंदिस्त एलईडीच्या असतात, त्यांत सुटा बल्ब नसतोच. अशी लाइट वॉरंटीत गेली तर सेंटरलाच जावे आणि स्वतः उघडण्याचा प्रयत्न करू नये. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक लाइट बंद होण्याबरोबर गिअर पार्किंगमधून निघेनासा झाला, तर दोष ब्रेक स्विचचा असण्याची शक्यता मोठी असते, आणि वॉरंटी चालू असेल तर तेही काम सेंटरचेच.

साध्या बल्बऐवजी एलईडी लावावा का, हा प्रश्न दुकानात हमखास येतो. एलईडीच्या बाजूने खरा मुद्दा आहे. साध्या बल्बची तार तापून पूर्ण उजळायला सुमारे ०.२ सेकंद लागतात, एलईडी जवळपास तत्काळ उजळतो, आणि ताशी ८० किलोमीटर वेगाने मागची गाडी तेवढ्या वेळात चार मीटरांहून अधिक पुढे येते. परंतु साध्या बल्बसाठी घडवलेल्या लाइटमध्ये स्वस्त एलईडी घातला, तर उजेड चुकीच्या दिशेने पसरतो आणि मंद व प्रखर उजेडातला फरक कमी होतो. रावेर-सावद्याहून केळी भरून निघालेल्या ट्रकचा चालक रात्री मागे असेल, तर पुढच्या गाडीने ब्रेक दाबला आहे की नुसती लाइट लावली आहे, हे त्याला याच फरकावरून कळते. म्हणून कंपनीने एलईडी दिलेला नसेल तर २१/५ वॅटचा साधा बल्बच लावावा, असे माझे ठाम मत आहे.

किती दिवस थांबता येईल, याचे उत्तर एक दिवसही नाही असेच द्यावे लागेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ नुसार नियमभंगाचा सर्वसाधारण दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ५०० आणि पुढे १५०० रुपयांपर्यंत आहे, पण त्यापेक्षा मागच्या गाडीची धडक कितीतरी महाग पडते. धडगावकडे राहणाऱ्यांसाठी तर निवड अंतरानेच ठरते. एका बल्बसाठी चांदसैली घाट उतरून तळोद्याला आणि तिथून पुढे नंदुरबारला जाण्यापेक्षा घरात बल्ब असणे केव्हाही सोयीचे. एका बाजूचा बल्ब जुना होऊन गेला असेल तर दुसऱ्या बाजूचाही तितकाच वापरला गेलेला असतो, म्हणून दोन्ही एकदम बदलावेत आणि अजून चालू असलेला जुना बल्ब कापडात गुंडाळून, योग्य मापाच्या पान्यासह, डॅशबोर्डच्या खणात ठेवावा.