फिरती आरोग्य-गाडी : तपासणी चोख, पाठपुरावा कच्चा

न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात, जॅक्सन हाइट्समध्ये रूझवेल्ट अव्हेन्यूवरील उन्नत रेल्वेमार्गाखाली संध्याकाळी उभ्या राहणाऱ्या, एका संस्थेच्या आरोग्य-गाडीची सेवा मी वर्षभरात तीनदा घेतली. ती मुख्यतः कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई समलिंगी व पारलिंगी लोकांसाठी आहे.

विम्याचे कार्ड किंवा स्थलांतराची कागदपत्रे लागणार नाहीत, हे येथे आधीच सांगितले जाते. ज्याचा व्हिसा नोकरीवर अवलंबून आहे, त्यालाच त्या एका वाक्याचे मोल कळेल. बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्तावर एचआयव्हीची तपासणी वीस मिनिटांत झाली. मात्र अशा तपासणीत नवा संसर्ग दिसायला 23 ते 90 दिवस लागू शकतात, हे कार्यकर्त्याने न विचारता समजावले आणि पुन्हा येण्याची तारीख लिहून दिली. गोनोरिया आणि क्लॅमिडिया या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांसाठी लघवीबरोबर घसा व गुदद्वाराचे नमुनेही घेतले, ही मला सर्वांत जमेची बाजू वाटली, कारण नुसत्या लघवीवर भागवले तर समलिंगी पुरुषांमधले बरेच संसर्ग निसटतात. माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनी हे कधी सुचवले नव्हते. अर्थात मीही त्यांना काही सांगितले नव्हते.

शेजारी बसलेले एक वयस्क कृष्णवर्णीय गृहस्थ आपले रक्त कुठे जाणार आणि नोंद कोण ठेवणार, हे पुन्हा पुन्हा विचारत होते. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे 1932 ते 1972 या काळात सरकारी आरोग्यसेवेने शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना सिफिलिस या लैंगिक आजाराच्या उपचाराविना ठेवले, हे ज्यांच्या घरांत ठाऊक आहे त्यांचे असे प्रश्न रास्तच ठरतात, आणि कार्यकर्त्याने त्यांची उत्तरे न कंटाळता दिली.

गाडी कमी पडते ती प्रेपच्या बाबतीत. एचआयव्ही टाळण्यासाठी रोज घ्यायच्या या गोळीला अमेरिकेत 2012 मध्ये मान्यता मिळाली आहे, परंतु येथे फक्त माहितीपत्रक हाती ठेवतात; मूत्रपिंडाची तपासणी व औषधचिठ्ठी यांसाठी संस्थेच्या केंद्रात वेळ मागावी लागते. मला त्यासाठीचा फोन तीन आठवड्यांनी आला, तोही भर कामाच्या वेळी, सहकाऱ्यांच्या देखत. शिवाय पत्रके इंग्रजी आणि स्पॅनिशमध्येच आहेत, जेव्हा पलीकडच्या गल्लीत बंगाली पाट्यांची रांग लागलेली आहे.

जायचे असल्यास लवकर जावे, कारण उशिरा गर्दी वाढते आणि पडद्यामागचे बोलणे बाहेरच्या बाकापर्यंत पोहोचते. वरून रेल्वे धडधडत गेली की तेवढा वेळ कोणालाच काही ऐकू येत नाही. ही सोय मात्र संस्थेने केलेली नाही.