गृहविम्याचा दावा : पाचपैकी तीन तारे, आणि त्यातला एक माझ्या मापाच्या टेपचा

मी शिवणकाम करते. कपडा तंग झाला म्हणून गिऱ्हाईक परत येतं, तेव्हा शिवण क्वचितच चुकलेली असते. चुकलेलं असतं ते माप. विमा कंपनीशी दोन महिने पत्रव्यवहार करताना हेच पुन्हा पुन्हा आठवत होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला भांडण संपवायचं आहे, वाढवायचं नाही.

दोन दिवस बाहेरगावी होतो. परतलो तर बाथरूमच्या भिंतीतल्या गरम पाण्याच्या पाइपचा सांधा फुटलेला आणि शेजारच्या माझ्या शिवणखोलीत पाणीच पाणी. लॅमिनेटची फरशी कडांना फुगलेली, कपाटाचा खालचा प्लाय सुटलेला, भिंतीचा गिलावा हाताला मऊ लागत होता. मुख्य कॉक बंद केला, विजेचा खटका पाडला आणि काही हलवण्याआधी फोटो काढले, प्रत्येक फोटोत टेप धरून. सवयच आहे ती. त्याच दिवशी कंपनीला कळवलं आणि पाणी उपसायला घेतलं. नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईपर्यंत खोली तशीच ठेवायची, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. नुकसान वाढू न देणं ही विमाधारकाचीच जबाबदारी असते आणि वाढलेलं नुकसान कंपनी नाकारू शकते. मात्र फुटलेला सांधा आणि फरशीची एक फुगलेली पट्टी मी पिशवीत जपून ठेवली.

ती पिशवी कामाला आली. चौथ्या दिवशी सर्व्हेअर आले. वयस्कर, बोलायला सौम्य गृहस्थ. पहिलाच प्रश्न : "गळती किती दिवसांची?" प्रश्न साधा दिसतो, पण दावा त्यावरच उभा किंवा आडवा होतो. पाइप अचानक फुटला तर भरपाई, महिनोन्‌महिने झिरपत असेल तर ती देखभालीतली हयगय. सांध्याची चीर ताजी होती आणि फोडलेल्या भिंतीत बुरशी किंवा क्षार नव्हते. त्यांनी तसं लिहून घेतलं. सेवेचा पहिला तारा त्यांचा.

तेविसाव्या दिवशी प्रस्ताव आला : आमच्या कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकाच्या जेमतेम 46 टक्के. मी चिडून दरांवर वाद घालणार होते. रात्री दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळीला ओळ लावली, तर दर जवळपास सारखेच! कामंच गाळली होती. भिंत 12 फूट बाय 9, पण गिलावा आणि रंग 24 चौरस फुटांचाच. गिलाव्याचं ठीक, पण मधोमध नवा चौकोन रंगवला तर तो आयुष्यभर ठिगळासारखा दिसेल. फरशी 120 पैकी 40 चौरस फूट. ते डिझाइन बंद झालंय आणि पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या असतात, हे कुणी पाहिलंच नव्हतं. भिंत वाळवणं, कपाट हलवणं, जुनी फरशी काढणं, राडारोडा उचलणं, भिजलेल्या वायरिंगची तपासणी यांचा तर उल्लेखही नव्हता. मग मी रकमेबद्दल चकार शब्द काढला नाही. गाळलेल्या प्रत्येक कामाची एक ओळ, तिच्यापुढे माप आणि फोटोचा क्रमांक, एवढंच पाठवलं. पुन्हा पाहणी झाली आणि बहुतेक ओळी मान्य झाल्या. दुसरा तारा त्या दुसऱ्या भेटीला. टेपचा कुठला, ते सांगायला नको.

आणखी दोन गोष्टी अहवालात दडल्या होत्या. एक, घसारा, म्हणजे वस्तू जुनी झाली म्हणून तिच्या किमतीत होणारी कपात. पॉलिसीत इमारतीची भरपाई नव्या किमतीने होती, तरी रंग-गिलाव्यावर घसारा कापला होता, मजुरीवरसुद्धा! कलमाचा क्रमांक देऊन विचारल्यावर ती कपात मुकाट्याने गेली. कपाटावरचा घसारा मात्र राहिला. सामानाचं कलम वेगळं होतं, त्यामुळे तो बरोबरच होता. दुसरी, अपुरा विमा. घराच्या किमतीच्या 80 टक्केच विमा उतरवलाय असं ठरवून सगळ्या भरपाईला कात्री लावून ती 80 टक्क्यांवर आणली होती. हा नियम काही पॉलिसींत खरंच असतो. तिथे विमा कमी तर लहान नुकसानीचीही भरपाई त्याच प्रमाणात कमी होते. पण त्यांनी धरलेली किंमत विक्रीची होती, जमिनीसकट. आमच्या पॉलिसीत पुनर्बांधणीचा खर्च धरायचा होता. जमीन काही पाइप फुटून वाहून जात नाही. तो हिशेब मांडला आणि कात्री निघाली.

चौथा तारा गेला तो पावतीपायी. वाद चालू असतानाच जुन्या रकमेची "पूर्ण व अंतिम" मजकुराची पावती सहीसाठी आली आणि फोनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, फक्त फॉर्मॅलिटी आहे." फॉर्मॅलिटी कसली, सही केली की पुढचं मागणं अवघड. मी सही न करता लिहिलं की वादात नसलेली रक्कम अंशतः भरपाई म्हणून द्या, बाकीचं बोलणं चालू ठेवू. 16 दिवस लागले, पण दिली. तिच्याशी झालेल्या प्रत्येक फोननंतर मी दोन ओळींचा ईमेल टाकत होते, हे बरं झालं.

एकसष्टाव्या दिवशी प्रकरण मिटलं. अंदाजपत्रकाच्या 91 टक्के मिळाले. उरलेल्यात ठरलेली स्वतःच्या हिश्श्याची रक्कम, कपाटाचा घसारा आणि खुद्द तो सांधा. भिंत फोडून गळती शोधण्याचा खर्च आणि पाण्याने झालेलं नुकसान आमच्या पॉलिसीत बसतं, पाइपची दुरुस्ती नाही. तक्रार नाही.

पाचवा तारा कंपनीचा नव्हे, माझाच गेला. शिवणयंत्राच्या मोटारीत पाणी शिरलं होतं, त्याचे शून्य मिळाले. घरगुती पॉलिसीत धंद्याचं सामान धरलेलं नव्हतं आणि मी घरातून शिवणकाम करते हे विमा घेताना सांगितलंच नव्हतं. नूतनीकरणाचे मेसेज सुरू झालेत. यंत्राची वेगळी नोंद करून देतात का, ते लेखी मागवलंय, उत्तर यायचंय.